अण्णांच्या पुस्तकाचं शेवटचं पान

माझे वडील संपतराव, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, सतरा वर्षं कतारमध्ये उन्हात उभे होते. हे वाक्य असं सरळ मी आज पहिल्यांदा लिहितोय. गेली बारा वर्षं मी ते जरा वेगळं सांगत आलो: "वडील सतरा वर्षं कतारमध्ये सर्व्हेअर होते." सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, दोह्यातल्या मंडळाच्या गणपतीत सांगितलं. कोणी विचारलं नाही तरी सांगितलं.

खरं काम असं होतं. रस्ता आखायचा तर एक इंजिनीअर दुर्बिणीच्या यंत्रातून बघतो आणि समोर दूरवर एक माणूस आकडे रंगवलेली चार मीटरची पट्टी उभी धरून थांबतो. त्या पट्टीला स्टाफ म्हणतात. ती जराही कलली तर लेव्हल चुकते. इंजिनीअरने हात हलवला की पुढच्या खुंटीपाशी जायचं आणि पुन्हा उभं राहायचं. सकाळी पाचला सुरुवात. साइटवर एक मोठी छत्री असायची, पण ती यंत्रासाठी. यंत्र तापलं की आकडे चुकतात. माणूस तापला तर कुठे काय बिघडत होतं? पट्टी धरणारा तो माणूस म्हणजे अण्णा.

त्यांनी ते काम उत्तम केलं. इंजिनीअर बदलले तरी प्रत्येक जण "संपतला पाठवा" असंच म्हणायचा. सिन्नरच्या बाजूचा सातवी शिकलेला माणूस, एक्याऐंशी साली आला तेव्हा त्याला इंग्रजीतले आकडे तेवढे वाचता येत. दर दोन वर्षांनी गावी यायचे तेव्हा मान आणि हात कोळशासारखे काळे आणि बनियन काढल्यावर पाठ मात्र गोरी. लहानपणी मला त्या दोन रंगांची मजा वाटायची. कॉलेजात गेल्यावर वाटेनाशी झाली.

इथं आखातात हुद्दा वाढवून सांगणं हा जवळजवळ रिवाजच आहे. स्टोअरमधला माणूस गावी गेला की मटेरियल मॅनेजर होतो. पंप चालवणारा ऑपरेशन्समध्ये असतो. त्यामुळे पुण्याला नुपूरला बघायला गेलो आणि तिच्या बँकेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी "वडील काय करायचे?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून 'सर्व्हेअर' सहज निघून गेलं. अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "व्हय, रस्त्यांची कामं व्हती." संपलं. मला हायसं वाटलं. त्यांना काय वाटलं हे मी विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

आता मी स्वतः दहा वर्षं इथं आहे, प्लॅनिंग इंजिनीअर. आम्ही दोह्यात अल थुमामाला राहतो. मुलगी वल्लरी तिसरीत, अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. त्या शाळेत दर वर्षी जानेवारीत मुलांना अमेरिकेत वस्तीच्या पुढे गेलेल्या माणसांची चरित्रं वाचायला लावतात. सगळी चित्रांची पुस्तकं. इतरांच्या आधी जंगलात, माळावर जाऊन राहिलेले लोक. शेपटीवाली टोपी घातलेला डॅनियल बून, घरच्यांचं पोट भरायला लहानपणीच बंदूक हातात घेणारी अ‍ॅनी ओकली, डोक्यावर पातेलं घालून अनवाणी सफरचंदाच्या बिया लावत फिरलेला जॉनी. वाळवंटातल्या शाळेत हे कशाला, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं. फी भरणाऱ्याला प्रश्न विचारता येतात, उत्तर मिळतंच असं नाही.

यंदा जानेवारीत अण्णा दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे होते. शाळेतून आली की वल्लरी पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसायची. तिला मराठी सगळं कळतं, पण आम्हाला उत्तर इंग्रजीत देते. अण्णांशी मात्र मोडकंतोडकं मराठी बोलायची. अण्णा चित्रं बघायचे आणि शेरे मारायचे.

"ह्याच्या पायात चपला का न्हाईत?"

"तो पुअर नव्हता, आजोबा. त्याला तसंच आवडायचं."

"बरं. पन बी लावून सफरचंद गोड येत नसतंय. कलम करावं लागतं. बियाचं झाड खाट्टंच येनार. ह्या फळांची दारू करत असतील लोक."

वल्लरीने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि ओरडलीच. त्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की जॉनीची सफरचंदं बहुतेक करून पेय आंबवायलाच वापरत. डोक्यावरच्या पातेल्याची गोष्ट मात्र लोकांनी मागून जोडलेली असावी. मग तिने बूनचं पुस्तक आणून दाखवलं. त्याच्याही शेवटच्या पानावर होतं की तो शेपटीची टोपी घालतच नसे, साधी हॅट घालायचा.

"सगळ्या पुस्तकांत असं पान असतं," ती म्हणाली. "रुथ मिस सांगतात, गोष्ट कशीही सांगा, पण शेवटच्या पानावर खरं काय ते लिहायचं."

रुथ मिस म्हणजे त्यांच्या लायब्ररियन, मूळच्या वसईच्या. महिन्याच्या शेवटी त्यांनी मुलांना काम दिलं: आपल्या घरातून जो सगळ्यांच्या आधी दूर गेला, त्याचं असंच चित्रांचं पुस्तक करा. शेवटच्या पानासकट. गुरुवारी सकाळी लायब्ररीत वाचन, आई-वडील आणि आजी-आजोबांना आमंत्रण.

वल्लरीने अर्थातच आजोबा निवडले. आणि मी, बाप म्हणून उत्साहाने, तिला गोष्ट सांगायला बसलो. सांगतो कसली, रंगवतोच. आजोबा वाळवंटात आले. तिथे रस्ते नव्हते. आजोबांनी दुर्बिणीतून पाहिलं, हात वर केला, आणि म्हणाले, रस्ता इथून जाईल. वल्लरीने चित्र काढलं: आजोबा यंत्रामागे आणि समोर लांब एक काडीसारखा माणूस पट्टी धरून. त्या काडीला तिने तोंडही काढलं नव्हतं.

अण्णा सोफ्यावर बसून लसूण सोलत होते. चित्र त्यांना दिसत होतं. "झ्याक काढलंय," एवढंच म्हणाले.

तेव्हा तरी थांबायला हवं होतं. पण मला आणखी हुक्की आली. अण्णांच्या जुन्या पाकिटात कंत्राटदार कंपनीचा गेटपास होता. सगळा अरबीत टाइप केलेला, वर अण्णांचा तरुणपणचा फोटो, खाली गोल शिक्का. मोठा रुबाबदार दिसतो तो. मला अरबी वाचता येत नाही. दहा वर्षं इथं राहून मी 'यल्ला', 'खलास' आणि 'इन्शाल्ला'च्या पुढे गेलेलो नाही, आणि माझ्या ओळखीतल्या कुणाचीच गाडी त्यापुढे गेलेली नाही. मी त्याची रंगीत कॉपी काढली आणि वल्लरीला दिली. म्हटलं, "हे शेवटच्या पानावर चिकटव. पुरावा."

इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना अरबी शिकवतात हे मी विसरलो. म्हणजे विसरलो नव्हतो. दर परीक्षेआधी मीच तिच्यावर ओरडतो, अरबीचा अभ्यास कर म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो. बूट काढत होतो. आतून दोघांचे आवाज येत होते.

"आजोबा, शेवटचं पान. खरं काय?"

"पप्पानं सांगितलं ना तुला. समदं खरं हाये."

"पण कार्डवर आमिल लिहिलंय. आम्हाला शिकवलंय. तबीब म्हणजे डॉक्टर, मुहन्दिस म्हणजे इंजिनीअर. आमिल म्हणजे... वर्कर. असं," आणि तिने बहुतेक खोरं चालवण्याचा अभिनय केला.

मी एक बूट हातात घेऊन उभा. आता अण्णा सांगतील, असं वाटलं. सांगावं असं वाटलं की सांगू नये असं, ते मला आजही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

अण्णा म्हणाले, "कार्ड बनवनाऱ्यानं चुकून लिवलं असंल, बाई. लई गर्दी असायची तिथं."

"मग तुम्ही त्याला सांगितलं नाही? चेंज कर म्हणून?"

"ऱ्हाऊन गेलं."

सतरा वर्षं जे कार्ड गळ्यात घालून माझे वडील त्या उन्हात उभे राहिले, ते कार्डच खोटं ठरवलं त्यांनी. माझ्यासाठी. आणि मी काय केलं? दुसरा बूट काढला, मुद्दाम जोरात आपटला, आणि "काय चाललंय मंडळी?" असं म्हणत आत गेलो. तोंडावर हसूसुद्धा आणलं होतं. त्या हसण्याची आठवण आली की अजून कान तापतात.

गुरुवारी आम्ही चौघं शाळेत गेलो. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि टोपी घरी ठेवली होती. "नको, शाळा इंग्रजी हाये," म्हणाले. लायब्ररीत छोट्या खुर्च्या. माझ्या शेजारी काशिफ, माझ्याच ऑफिसातला. त्याचा मुलगा त्याच वर्गात. अण्णा सर्व्हेअर होते हे त्यालाही माहीत होतं, म्हणजे मीच सांगितलेलं.

एका मुलाची आजी लेबननहून बोटीने निघालेली. एकाचा पणजोबा केरळातून. मग वल्लरी उभी राहिली. दुर्बीण, वाळू, "रस्ता इथून जाईल", सगळं छान वाचलं. लोक हसले, टाळ्या झाल्या. मग तिने शेवटचं पान उघडलं आणि इंग्रजीत वाचलं. त्याचं मराठी असं:

"आजोबा म्हणतात सगळं खरं आहे. कार्डवर आमिल लिहिलं आहे. मी अरबीच्या मिसना विचारलं, त्या म्हणाल्या आमिल म्हणजे आमिलच. आजोबा म्हणतात कार्डवाल्याची चूक झाली. म्हणून खरं काय ते मला माहीत नाही."

आणि खाली बसली. कोणी हसलं नाही. मुलांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि मोठ्यांना सगळं कळलं. आखातात राहणाऱ्या माणसाला व्हिसावर लिहिलेला हुद्दा काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही.

रुथ मिस चांगली बाई. त्यांना वाटलं, आजोबांना बोलायला आवडेल. मागे वळून मराठीत म्हणाल्या, "काका, तुम्हीच सांगा ना. काय करायचात तुम्ही?"

अण्णा उठले. दोन्ही हात सरळ खाली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. विचारत होते ते. सांगू का? एवढंच विचारत होते. मी मान हलवली असती, नुसती मान, तर पुरलं असतं. मी समोरच्या फळ्याकडे बघत बसलो.

"कार्ड मिस्टेक, मॅडम," अण्णा इंग्रजीत म्हणाले. सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत. "माय सन इज करेक्ट."

आणि बसले. पुन्हा टाळ्या झाल्या. काशिफने माझा हात दाबला आणि म्हणाला, "भाई, आपके वालिद बहुत सीधे आदमी हैं." त्याला सगळं कळलंय हे मला त्याच्या हात दाबण्यावरून कळलं. रुथ मिसने जाताना वल्लरीला जवळ घेतलं आणि सांगितलं, "शेवटचं पान अजून झालं नाही तुझं. रविवारी पूर्ण करून आण." इथं शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो.

घरी आल्यावर अण्णा आणि वल्लरी पुढे गेले. नुपूर गाडीतच बसून राहिली, म्हणून मीही बसलो. एसी चालू होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अण्णा काय करायचे ते. तुम्ही मला बघायला आलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते एकटे पुण्याला आले होते. एसटीने. बाबांना म्हणाले, मुलगा काल बोलला ते खरं नाही, मी साइटवर मजूर होतो. तुम्हाला अंधारात ठेवून मुलगी न्यायची नाही मला. पटत नसेल तर आत्ताच सांगा."

मी विचारलं ते काय, तर, "मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी हात जोडले होते आमच्यासमोर. म्हणाले, त्याला कळू देऊ नका तुम्हाला माहीत आहे म्हणून. त्याला समजलं तर तो माझ्यासमोर उभा राहायला लाजेल. एवढं सांभाळा." ती काचेतून बाहेर बघत होती. "मी बारा वर्षं सांभाळलं. आज मला तुझा राग आला. अण्णा उभे राहिले तेव्हा तू फळ्याकडे बघत बसलास ना, त्याचा."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांना माहीत होतं. त्यांनी दर दिवाळीला "अण्णा काय म्हणतात?" असं आदराने विचारलं ते मजुराबद्दल विचारलं होतं, सर्व्हेअरबद्दल नाही. मीच एकटा सर्व्हेअरचा मुलगा म्हणून मिरवत होतो आणि सगळे जण मला सांभाळून घेत होते, ताप आलेल्या पोराला घ्यावं तसं. अण्णांची लाज मी झाकतोय असं मला वाटायचं. त्यांना लाज नव्हतीच. असती तर एसटीत बसून सांगायला गेले नसते.

वर गेलो. जेवणं झाली. कोणाला भूक नव्हती, पण अण्णा म्हणाले "अन्न टाकू नये", म्हणून जेवलो. वल्लरीने टेबलावर कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीला टोक केलं. अण्णा तिच्या समोर बसलेले.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "वल्लरी, कार्ड बरोबर आहे."

तिने मान वर केली. मी सांगितलं. सगळं. आजोबा यंत्रामागे नव्हते, समोर होते. पट्टी धरून. तू ज्याला तोंड काढलं नाहीस तो. छत्री त्यांच्यासाठी नव्हती. पाच वाजता उठायचे. ते हलले असते तर रस्ता चुकला असता. ते कधी हलले नाहीत. आपल्या घरामागच्या रस्त्याच्या खुंट्या त्यांनी ठोकल्यात, ते दर वेळी गाडीतून जाताना मला बोटाने दाखवतात आणि मी "हो हो" म्हणतो.

अण्णा टेबलावरचे भाताचे कण बोटाने गोळा करत होते.

वल्लरी लिहीत होती. एक वाक्य, दुसरं वाक्य. मग थांबली. लहान पोरं ज्या ठिकाणी थांबायला नको नेमकी तिथेच थांबतात.

"पप्पा, मग तू सर्व्हेअर का सांगितलंस?"

"मला लाज वाटायची."

"कशाची?"

अण्णा उठायला लागले. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ते बसले. बारा वर्षांत मी त्यांच्यासाठी केलेलं एवढं एकच काम, आणि तेही त्यांना नको असताना.

"अण्णांची," मी म्हटलं. "ते मजूर होते, त्याची."

तिने आजोबांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. न समजल्यासारखं दिसत होतं. त्यापेक्षा राग परवडला असता. मग तिने पेन्सिल कागदावर टेकवली.

"हे पण लिहू?"

"ते नको लिवू, बाळा," अण्णा घाईने म्हणाले. कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला होता. "त्या वर्गात पप्पाच्या हापिसातला मानूस येतो. तो वाचंल. पप्पाला त्याच्यासंगं रोज काम करायचंय. माझं लिव तू, माझं खुशाल लिव. पप्पाचं राहू दे."

वल्लरी माझ्याकडे बघत थांबली. तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी पुन्हा एकदा मला वाट करून दिली होती, आणि मी त्या वाटेने गेलो तर ते आयुष्यात कधी एक शब्द काढणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं.

मी "लिही" म्हणालो. वल्लरीने लिहिलं, रविवारी ते पान शाळेत गेलं, काशिफने वाचलंही असेल. पण "लिही" म्हणण्याआधी मी थांबलो होतो. चार-पाच सेकंद. अण्णांच्या समोर बसून, त्यांच्या मनगटावर हात ठेवून, मी काशिफचा विचार करत होतो. बारा वर्षांच्या खोट्यापेक्षा मला त्या चार-पाच सेकंदांची जास्त लाज वाटते, कारण तेव्हा मला सगळं कळलेलं होतं.